ठरलं होतं, पण लिहिलंय कुठे? रेडमाइनमधला शोध सुधारण्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून ही वही सुरू. निमित्त मागच्या आठवड्यातलं. आमचं सॉफ्टवेअर बिलं तयार करतं. बिलाच्या प्रत्येक ओळीवर राउंडिंग करायचं (रक्कम ठरावीक दशांशापर्यंत आणायची) की शेवटच्या एकूण रकमेवर, हा प्रश्न पुन्हा निघाला. तिघांना पक्कं आठवत होतं की याचा निकाल वर्षभरापूर्वीच लागलाय.

"अरे, हे आपण ठरवलं होतं ना?"

"ठरवलं होतं. पण लिहिलंय कुठे?"

अख्खी दुपार तिघे रेडमाइनमध्ये (आमची कामं, चुका आणि चर्चा नोंदवायची प्रणाली) शोधत बसले. हाती काही लागलं नाही, तेव्हा एकाने स्वतःला बरोबर वाटलं तसं केलं, म्हणजे एकूण रकमेवर. ग्राहकाच्या हिशेब विभागाने लगेच फरक दाखवून दिला आणि दोन दिवसांचं काम उलटं फिरवावं लागलं.

निर्णय नंतर सापडला, तोही दुसरंच काही शोधताना. "मीटिंगमधले मुद्दे" या नावाचा, केव्हाच बंद झालेला इश्यू, म्हणजे रेडमाइनमधली एक नोंद. त्यातली अकरावी टिप्पणी. तिच्यात मध्येच एक वाक्य: "ओळीनिहाय करू या, नाहीतर त्यांच्या जुन्या प्रिंटशी जुळणार नाही." राउंडिंग हा शब्द त्या वाक्यात नाही, त्या टिप्पणीत नाही, त्या इश्यूतही नाही.

टीम लीडने मला पुढचे सात-आठ आठवडे रोज तासभर मोकळा दिलाय. आपणच लिहून ठेवलेलं आपल्याला पटकन सापडलं पाहिजे, एवढंच काम. मला ते मनापासून हवं होतं. माणसं जीव तोडून काम करतात आणि तेच काम त्यांना दुसऱ्यांदा करावं लागतं, हे बघवत नाही.

७ जानेवारी

"शोध नीट चालत नाही" असं सगळेच म्हणतात, पण त्यावरून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. आधी मोजायला हवं. मोजायचं कसं, याचं उत्तर जुनंच आहे. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड इथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात विमानशास्त्रावरच्या सुमारे १४०० लेखांचा संच घेतला, प्रश्न ठरवले, प्रत्येक प्रश्नाला कोणते लेख लागू पडतात ते आधी काढून ठेवलं आणि मग वेगवेगळ्या अनुक्रमणी पद्धतींना (लेखांची सूची लावण्याच्या रीतींना) तेच प्रश्न घातले. दोन गोष्टी तपासल्या: जे सापडायला हवं होतं त्यातलं किती सापडलं, आणि जे सापडलं त्यातलं किती कामाचं होतं. या दोन्हींची ओढाताण असते. जाळं मोठं टाकलं की मासे जास्त येतात आणि शेवाळही.

आपला संच छोटा असला तरी चालेल. गेल्या तीन महिन्यांच्या चॅटमधून "हे कुठे आहे?", "हे का केलं होतं?" असे खरोखर विचारले गेलेले वीस प्रश्न उचलले. ग्राहकाचा पत्ता बदलला तर जुन्या बिलांवरचा पत्ता बदलायचा का? रात्रीचं काम दोनदा चाललं तेव्हा काय उपाय केला होता? पीडीएफमधला फॉन्ट का बदलला? अशी ही यादी. सोळा प्रश्नांची उत्तरं जाणकारांना विचारून इश्यू क्रमांकासह लिहून ठेवली. उरलेल्या चारांची उत्तरं रेडमाइनमध्ये कुठेच नाहीत, ती फक्त माणसांच्या डोक्यात आहेत. तरी ते चार प्रश्न यादीतून काढले नाहीत. शोधायला नवी माणसंही बसणार आहेत आणि त्यांना हे कुठून कळावं?

८ जानेवारी

पहिली मोजणी. प्रत्येक प्रश्न दोघांना दिला, प्रत्येकी पाच मिनिटं. चाळीस प्रयत्नांपैकी सतरा जमले. चार अशक्य प्रश्नांचे आठ प्रयत्न सोडले तरी पंधरा वेळा असं झालं की उत्तर रेडमाइनमध्ये होतं आणि शोधणाऱ्याला मिळालं नाही. हे पंधरा माझे.

१२ जानेवारी

नुसते आकडे बघून काही उमगत नव्हतं, म्हणून नवी आलेली टेस्टर शोधत असताना तिच्या शेजारी जाऊन बसले. मध्ये बोलायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं होतं. या एका तासात जे दिसलं ते आधीच्या आठवड्याभरात दिसलं नव्हतं.

तिने आधी इश्यूंची यादी उघडली आणि विषयात "राउंडिंग" असलेले इश्यू असा फिल्टर लावला. शून्य. ती पुढे गेली. पण यादीच्या माथ्यावर स्थितीचा फिल्टर आपोआप "उघडे" असा लागलेला असतो, तो तिने बघितलाच नाही. रेडमाइनची यादी मुळात उघडे इश्यूच दाखवते. रोजच्या कामाला तेच बरोबर आहे. पण एखादी गोष्ट अशी का केली हे बंद इश्यूंत असतं. मी नंतर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बंद म्हणजे संपलेलं, तिकडे कशाला बघायचं, असं वाटलं मला." तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ती वरच्या कोपऱ्यातल्या शोधचौकटीकडे गेली. तेव्हा ती एका उपप्रकल्पाच्या पानावर होती आणि शोध तिथल्या तिथेच फिरून आला. निर्णय होता मुख्य प्रकल्पात.

तिसऱ्यांदा तिने अख्खा प्रश्नच टाईप केला: बिलाच्या ओळीवर राउंडिंग करायचं की एकूण रकमेवर. आपण माणसाला विचारू तसंच. आता, रेडमाइन पहिले पाच शब्द घेतं आणि बाकीचे सोडून देतं. म्हणजे "एकूण" आणि "रकमेवर" गेले, आणि "की" मात्र राहिला. वर "सगळे शब्द" या खुणेमुळे पाचही शब्द असलेला इश्यूच हवा अशी अट पडली. "करू या" असं लिहिलेल्या टिप्पणीत "करायचं" कुठून येणार?

पाच मिनिटं संपली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. तिला वाटलं आपल्यालाच शोधता येत नाही. ही तिची परीक्षा नव्हती, आमच्या लिखाणाची होती, हे तिला सांगितलं आणि मनापासून सांगितलं.

१३ जानेवारी

शोधचौकट नेमकी कशी चालते ते चाचणीच्या प्रतीवर बसून तपासलं. पुढे लागेल म्हणून टिपून ठेवते.

नुसता क्रमांक टाकला की थेट त्या इश्यूवर नेतं. आमच्यातल्या निम्म्यांना हे माहीत नव्हतं, ते पत्त्याच्या ओळीतला आकडा बदलत बसायचे. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द सलग तसेच शोधले जातात आणि पाचांच्या मर्यादेत ते सगळे मिळून एकच मोजले जातात. वेलांटी-मात्रा नसलेल्या एका अक्षराचा शब्द वगळला जातो. निकाल नव्याकडून जुन्याकडे लागतात. प्रश्नाला जास्त जवळचं ते वर, असा हिशेब त्यात नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जो शब्द थोड्याच ठिकाणी येतो त्याला जास्त वजन द्यावं, हा विचार कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला आणि पुढच्या कितीतरी शोधयंत्रांचा तो पाया झाला. इथे ते वजन यंत्र देत नाही, म्हणून ते शोधणाऱ्याने द्यायचं. "बिल" शोधलं तर हजारभर इश्यू येतील. त्रुटीचा क्रमांक, फाईलचं नाव, ग्राहकाने वापरलेला विचित्र शब्द, असं काहीतरी दुर्मीळ पकडायचं.

आणखी एक. रेडमाइन शब्दाचा तुकडाही पकडतं. मराठीला हे फार सोयीचं, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. "बिल" टाकलं की बिलाच्या, बिलांमध्ये, बिलावर सगळं येतं. (बिलकुलही येतं, त्याला इलाज नाही.) पण सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो तिथे पंचाईत. "रक्कम" शोधलं तर "रकमेवर" सापडत नाही. "चूक" शोधलं तर "चुकीचा" सापडत नाही. दीर्घाचा ऱ्हस्व झाला, जोडाक्षर सुटलं, की तो यंत्रासाठी वेगळाच शब्द. अशा वेळी दोन्ही रूपं वेगवेगळी शोधून बघायची.

१५ जानेवारी

ग्राहकाचा संदर्भ क्रमांक आम्ही खास तयार केलेल्या रकान्यात भरतो. तो शोधात कधीच येत नव्हता आणि सगळे ते गृहीत धरून चालले होते. प्रशासन विभागात त्या रकान्याच्या सेटिंगमध्ये दोन वेगळ्या खुणा असतात: एक "फिल्टर म्हणून वापरता येईल" आणि दुसरी "शोधता येईल". दुसरी केलेलीच नव्हती. केली. लगेच सापडायला लागलं. वीसपैकी दोन प्रश्न याच एका खुणेने सुटतात.

१९ जानेवारी

राउंडिंगचा तो निर्णय शोधायचा झाला तर कोणता शब्द टाकाल, असं आज सात जणांना एकेकटं गाठून विचारलं. उत्तरं: राउंडिंग, राऊंडिंग, राउंड ऑफ, दशांश, एकूण रक्कम, बेरजेतला फरक. सातव्याने राउंडिंगच सांगितलं, पण तो ते रोमन लिपीत टाईप करतो. एकाच इमारतीत, एकाच प्रणालीवर वर्षानुवर्षं काम करणारी सात माणसं, आणि अक्षरशः जुळणारी एक जोडी नाही.

मी चकित झाले, पण व्हायला नको होतं. फर्नस, लँडावर, गोमेझ आणि ड्युमे या संशोधकांनी १९८७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. एखाद्या वस्तूला किंवा कृतीला लोक आपणहून कोणतं नाव देतात हे त्यांनी वेगवेगळ्या विषयांत तपासलं. दोन माणसांनी एकच शब्द निवडण्याची शक्यता प्रत्येक वेळी पाचात एकापेक्षाही कमी निघाली. यावर उपाय म्हणून सर्वांनी एकच "योग्य" शब्द पाठ करावा असं त्यांनी सुचवलं नाही. एकाच गोष्टीकडे पुष्कळ नावांनी पोचता यावं, असा त्यांचा आग्रह होता.

गेले दोन आठवडे मी शोधणाऱ्याला काय शिकवायचं याचा विचार करत होते. आज मला वाटतं, जास्त काम लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. लिहिणारा एकदाच लिहितो, तेव्हा त्याला सगळा संदर्भ ठाऊक असतो आणि चार शब्द जास्त टाकायला त्याला अर्धं मिनिट लागतं. शोधणारे अनेक, पुढची कित्येक वर्षं, आणि त्यांच्याकडे संदर्भ काहीच नाही. लिहिताना शोधणाऱ्याचे शब्द वापरायचे. बाकी सगळं याच्या मागून.

२२ जानेवारी

आजचा दिवस एका अक्षराने खाल्ला.

"दुसऱ्या पानावर तळटीप येत नाही" हा इश्यू मला समोर दिसत होता. शोधचौकटीत "दुसऱ्या" टाकलं तर तो येत नव्हता. त्याच्या शीर्षकातून शब्द उचलून चौकटीत चिकटवला तर येत होता. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. शेवटी दोन्हींची एकेक खूण सुटी करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. "ऱ्या"तला तो आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण आणि पुढे य. छपाईत दोन्ही एकच दिसतात. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. ऱ आणि नुक्ता दिलेला र यांना ते एक करतं, न दिसणाऱ्या जोडखुणेला मात्र हात लावत नाही.

मग तसेच दुसरे शब्दही आठवले. "ॲप"मधलं पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी टाईप होतं: स्वतंत्र अक्षर म्हणून (ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं), अ वर चंद्र देऊन, आणि मध्ये जोडखूण घालून चंद्र देऊन. आमच्या डेटाबेसमध्ये तिन्ही सापडले. एकच माणूस कार्यालयातल्या संगणकावर एक तऱ्हा आणि फोनवर दुसरी वापरतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. आकड्यांचंही तसंच, कुणी देवनागरी, कुणी इंग्रजी.

डेटाबेसची प्रत काढून तिच्यावर छोटी स्क्रिप्ट चालवली: य आणि ह च्या आधीचा जोडखुणेचा र बदलून ऱ, आणि तिन्ही ॲ चा एकच ॲ. शंभरेक बदल डोळ्यांखालून घालून मगच मूळ डेटाबेसवर चालवली. नवं लिहिलं जाईल ते जतन होतानाच तसं बदलावं, यासाठी सहकाऱ्याने छोटं प्लगइन (रेडमाइनला जोडायचा पूरक भाग) करायचं कबूल केलंय. शोधचौकटीत टाकलेल्या शब्दालाही तोच बदल लागला पाहिजे, नाहीतर अर्धंच काम होईल. आकड्यांना हात लावला नाही, कारण ग्राहकाने दिलेला मजकूर जसाच्या तसा राहायला हवा.

हे तंत्र तसं क्षुल्लक वाटेल. पण आपल्या भाषेत लिहिलेलं आपल्याच भाषेत शोधता येत नाही म्हणून दोघे जण इश्यू इंग्रजीत लिहायला लागले होते. ते मला फार लागलं.

२३ जानेवारी

प्लगइन झालं. दोन्ही बाजूंनी. "दुसऱ्या" सापडतंय.

२८ जानेवारी

शीर्षकं. नऊ हजारांवर इश्यू आहेत, सगळे बदलणं शक्य नाही आणि गरजही नाही. ज्यांत निर्णय आहेत किंवा ज्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा होतो असे सेहेचाळीस निवडले.

"बिल प्रॉब्लेम" याचं झालं "पत्ता बदलल्यावर जुन्या बिलांवरही नवा पत्ता छापला जातो". "अर्जंट!!" याचं झालं "रात्रीचं बिल तयार करण्याचं काम दोनदा चाललं, ग्राहकांना दोन बिलं गेली". "कालच्या कॉलप्रमाणे" असे तर सहा निघाले, सहांचे विषय सहा. हे लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्या दिवशी "कालचा कॉल" म्हटलं की सगळ्यांना कळत होतं.

वर्णनाच्या पहिल्या ओळीत "इतर शब्द:" असं लिहून लोक जे जे म्हणतात ते सगळं टाकायचं, असं ठरवलं. अशुद्ध रूपंही. "दुरुस्ती"शेजारी "दुरूस्ती" लिहिताना हात अडखळला, शुद्धलेखनावर माझं प्रेम आहे. पण ही ओळ वाचण्यासाठी नाही, सापडण्यासाठी आहे. शीर्षक मात्र शुद्धच.

३० जानेवारी

बैठक. एका सहकाऱ्याने मुद्दा काढला की हे हाताने कशाला, वेगळं शोधयंत्र जोडू या. तो म्हणतो ते चुकीचं नाही. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ल्युसीन हे शोधाचं सॉफ्टवेअर लिहिलं, आणि आजची बरीच शोधसाधनं त्यावर उभी आहेत. त्यातली कल्पना पुस्तकाच्या शेवटी असते त्या शब्दसूचीची: कोणता शब्द कुठे कुठे आलाय याची यादी आधीच करून ठेवायची, म्हणजे प्रश्न आला की सगळा मजकूर चाळावा लागत नाही. लाखो नोंदी असतील तर याला पर्याय नाही.

पण आमच्याकडे निकाल सेकंदाच्या आत येतो. आमचा वेळ यंत्र खात नाही, चुकीचा शब्द खातो. शिवाय अशी सूची अख्ख्या शब्दांची असते. "बिल" शोधल्यावर "बिलाच्या" यावं यासाठी मराठी प्रत्यय सोडवण्याची सोय वेगळी लावावी लागते. आज तुकडा शोधून जे फुकट मिळतंय तेही जायचं. आधी शीर्षकं आणि निर्णय नीट करू, पुन्हा मोजू, मग बघू, असं ठरलं. तो राजी झाला, पण पुढच्या मोजणीला स्वतः बसणार म्हणाला. बरंच झालं.

४ फेब्रुवारी

निर्णयांसाठी वेगळा ट्रॅकर (इश्यूचा प्रकार) सुरू केला. आजवर आमच्याकडे बग, नवी सोय आणि मदत एवढेच होते आणि निर्णय या तिघांच्या पोटात लपायचे.

शीर्षक म्हणजे प्रश्न, विधान नाही. माणूस शोधायला येतो तेव्हा त्याच्याकडे प्रश्नच असतो. आत काय ठरलं, का ठरलं, आणि कोणता पर्याय विचारात घेऊन सोडून दिला. हा शेवटचा भाग लोक टाळतात, पण तोच सर्वांत जास्त वेळ वाचवतो. सोडलेला पर्यायच पुढे कुणीतरी नव्या उत्साहाने घेऊन येतो.

स्थितीवर बराच खल झाला. निर्णय झाला की इश्यू बंद करायचा, हे सगळ्यांच्या हाताला बसलंय. पण बंद केला की तो नेहमीच्या यादीतून जाणार आणि १२ जानेवारीची गोष्ट पुन्हा घडणार. म्हणून "लागू" अशी नवी स्थिती केली आणि तिला बंद स्थितींत धरलं नाही. निर्णय जोवर लागू आहे तोवर तो उघडाच दिसेल. बदलला की जुना "रद्द" करून बंद करायचा आणि नव्याशी त्याचा दुवा जोडायचा. जुना मजकूर खोडायचा नाही.

पहिली नोंद अर्थातच: "बिलात राउंडिंग कुठे करायचं, प्रत्येक ओळीवर की एकूण रकमेवर?" खाली इतर शब्द: राऊंडिंग, राउंड ऑफ, दशांश, रक्कम, रकमेत फरक, बेरीज जुळत नाही. आणि रोमन लिपीतलं रूप. मूळ अकराव्या टिप्पणीचा दुवाही दिला.

९ फेब्रुवारी

जतन केलेल्या क्वेरी, म्हणजे एकदा लावून ठेवलेले फिल्टर. उत्साहाच्या भरात अकरा केल्या. बाजूच्या पट्टीत इतकी गर्दी झाली की कुणीच कुठलीच उघडेना. आज सात काढून टाकल्या. उरल्या चार: माझ्याकडचं, या आठवड्यात बदललेलं, ग्राहकाच्या उत्तरासाठी थांबलेलं, आणि लागू निर्णय. चारही सर्वांना दिसतील अशा आणि सगळ्या प्रकल्पांना लागू. बाकी ज्याला जे हवं ते त्याने स्वतःपुरतं करावं.

१२ फेब्रुवारी

जोडलेल्या फाईलींबद्दल. रेडमाइनचा शोध, तसा पर्याय निवडला तर, फाईलीचं नाव आणि तिच्याशेजारी लिहिलेलं वर्णन बघतो, फाईलीच्या आत बघत नाही. आमच्याकडे त्रुटीचा संदेश कुणी टाईप करत नाही, पडद्याचं चित्र काढून चिकटवतात, आणि चित्राचं नाव असतं "स्क्रीनशॉट" आणि पुढे तारीख. म्हणजे सर्वांत दुर्मीळ, सर्वांत उपयोगी शब्द चित्रात कैद. टेस्ट टीमशी बोलले. चित्र काढाच, पण संदेशातली एक ओळ आणि त्रुटीचा क्रमांक मजकुरातही टाका. टेस्ट लीडने बगच्या नमुन्यात त्यासाठी जागाच करून दिली. हे तिने आपणहून केलं.

१७ फेब्रुवारी

चॅट. ठरतं तिथे, हे काही थांबणार नाही, आणि थांबवूही नये, बोलणं तिथेच मोकळं होतं. एवढंच ठरलं की चॅटमध्ये काही नक्की झालं तर बोलणाऱ्यांपैकी शेवटच्याने ते निर्णयाच्या इश्यूत टाकायचं आणि त्याचा क्रमांक चॅटमध्ये द्यायचा. कोडच्या कमिटमध्ये (कोडमधला बदल जतन करताना लिहायच्या टिपणात) क्रमांक लिहिण्याची सवय डेव्हलपरांना आहेच. त्यामुळे कोडच्या ओळीवरून इश्यूवर आणि इश्यूवरून निर्णयावर, असं दोन टप्प्यांत जाता येतं. शब्द आठवत नसेल तेव्हा ही मागची वाट उपयोगी पडते.

आज एक गोष्ट उशिरा कळली. एका सहकाऱ्याला निकालच कमी येत होते, कारण एका उपप्रकल्पात त्याला भूमिकाच दिलेली नव्हती. शोध ज्याला जे बघायची परवानगी आहे तेवढंच दाखवतो आणि काही झाकलंय असं सांगतही नाही. त्याने महिनाभर तेच काम नव्याने लिहिलं असतं. सर्वांच्या परवानग्या तपासल्या, आणखी दोघांच्या अपुऱ्या निघाल्या.

२४ फेब्रुवारी

दुसरी मोजणी. तेच प्रश्न दिले असते तर लोकांना उत्तरं आठवली असती, म्हणून दहा जुने आणि दहा नवे घेतले. नवे माझ्या हातचे नाहीत, टेस्ट लीडने चॅटमधून काढले. पुन्हा चाळीस प्रयत्न, पाच मिनिटं. एकतीस जमले.

न जमलेल्या नवांपैकी चार अशा जुन्या इश्यूंचे, ज्यांच्या शीर्षकांना मी हात लावलेला नाही. दोन विकी पानांचे, म्हणजे रेडमाइनमधल्याच माहितीच्या पानांचे. ती पानं तीनदा नावं बदलून आता कुणाच्याच शब्दांशी जुळत नाहीत. विकीकडे माझं दुर्लक्ष झालं, ते पुढचं काम. उरलेल्या तीन वेळा उत्तर निकालांत होतं, पण खाली, नव्या इश्यूंच्या गर्दीत, आणि शोधणारा पहिल्या पानावरच थांबला. वेगळ्या शोधयंत्राचा आग्रह धरणारा सहकारी या तिघांवर बोट ठेवून म्हणाला, "हे मात्र तुझ्या शीर्षकांनी सुटणार नाही." खरं आहे. त्याच्यासाठी चाचणीची प्रत मोकळी करून दिली, मराठी प्रत्ययांची यादी दोघे मिळून करू.

२७ फेब्रुवारी

दुपारी चॅटमध्ये या आठवड्यातच रुजू झालेल्या मुलीचा प्रश्न आला: "एकेका ओळीची रक्कम बरोबर आहे, पण कॅल्क्युलेटरवर नग आणि दर धरून सगळं एकदम काढलं तर खालची बेरीज किंचित जुळत नाही. हा बग लिहू का?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. दोनच मिनिटांत तिचाच पुढचा संदेश आला, नुसता निर्णयाचा क्रमांक आणि "सापडलं, हे ठरवूनच केलंय".

नंतर विचारलं, काय टाकलं होतंस? आधी "किंचित फरक" टाकलं, त्याने काही आलं नाही, मग "बेरीज जुळत नाही". जाऊन पाहिलं तर इश्यूच्या इतिहासात तिचा बदल दिसला. "इतर शब्द"च्या ओळीत शेवटी तिने आपणहून "किंचित फरक" जोडून ठेवलं होतं.